वाचनचर्चा

वाचनचर्चा म्हणजे सध्या वाचनात असलेल्या पुस्तकाविषयीचे आपले मत इतर वाचकांपुढे मांडणे आणि त्यांचे मत ऐकून घेणे. ग्रंथपरीक्षण किंवा समीक्षा यांहून ही गोष्ट वेगळी आहे. परीक्षण लिहिणारा पुस्तक संपवून, काही अंतरावरून लिहितो. वाचनचर्चेतील वाचक बहुधा पुस्तकाच्या मध्यावर असतो आणि त्याचे मत पुढच्या प्रकरणात बदलू शकते. महाराष्ट्रात या प्रकाराला स्वतंत्र नाव फारसे रूढ नसले तरी त्याची परंपरा जुनी आहे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशीम या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या परंपरेच्या काही महत्त्वाच्या खुणा सापडतात. महानुभाव ग्रंथांतील नोंदी, गावोगावी लागणाऱ्या पोथ्या आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

संज्ञा

मराठीत पुस्तकाविषयी बोलण्यासाठी अभिप्राय, मत, रसग्रहण, परीक्षण, समीक्षा आणि टीका असे अनेक शब्द आहेत व त्यांच्या छटा भिन्न आहेत. 'अभिप्राय' या शब्दाचा संस्कृतातील अर्थ हेतू किंवा आशय असा आहे. मराठीत तो 'मत' या अर्थी स्थिरावला. 'टीका' हा शब्द पूर्वी ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणाऱ्या विवरणाला लावीत, म्हणूनच 'ज्ञानेश्वरी' ही गीतेवरील टीका ठरते. आधुनिक मराठीत त्याच शब्दाला दोषदर्शनाचा वास आला. सामान्य वाचक स्वतःच्या बोलण्याला यांपैकी कोणतेही भारदस्त नाव देत नाही. तो 'सध्या अमुक वाचतो आहे' असे सांगतो, आणि ऐकणारा 'कसे आहे?' असे विचारतो. वाचनचर्चेचे मूळ रूप एवढेच आहे.

महानुभाव परंपरा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे तीर्थक्षेत्र व आद्य मराठी गद्याचे महत्त्वाचे केंद्र आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणींचे 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले वा ऐकले होते त्यांना गाठून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या व त्या पडताळून पाहिल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली, तेव्हा पंथीयांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. या कामी हिराइसा या स्त्रीची स्मरणशक्ती विशेष उपयोगी पडल्याचे परंपरा सांगते. एकाच प्रसंगाविषयी दोघांचे स्मरण जुळले नाही, तर एकाचे खरे व दुसऱ्याचे खोटे असा निकाल न लावता दोन्ही पाठ नोंदले गेले. अशा पाठभेदाला 'वासना' म्हणतात व ती सांगणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. ग्रंथाविषयी वाचकांत मतभेद असू शकतो आणि तो मतभेद नावानिशी जपून ठेवण्याजोगा असतो, ही जाणीव मराठी ग्रंथव्यवहारात इतक्या लवकर दिसते, ही लक्षणीय बाब आहे.

याच परंपरेत एका काव्याविषयीच्या अभिप्रायाची एक प्रसिद्ध हकीकत आहे. भास्करभट्ट बोरीकर यांनी 'शिशुपाळवध' हे काव्य रचून ते आपल्या पंथबंधूंना दाखविले. ग्रंथ उत्तम उतरला आहे, परंतु विरक्तांनी वाचण्याजोगा नाही, त्यात शृंगार अधिक झाला आहे, अशा आशयाचे मत त्यांना ऐकावे लागले. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेली 'उद्धवगीता' रचली. मराठीतील ग्रंथाविषयीच्या अगदी आरंभीच्या नोंदलेल्या अभिप्रायांपैकी हा एक मानता येईल. त्याचा विशेष असा, की रचनेचा चांगुलपणा आणि तिचे औचित्य या दोन गोष्टी अभिप्राय देणाऱ्याने वेगळ्या काढल्या. आजच्या पुष्कळ अभिप्रायांत हे भान राहत नाही. आणखी एक गोष्ट येथे नोंदवावी लागते: नापसंती व्यक्त होऊनही 'शिशुपाळवध' नष्ट केले गेले नाही. ते आजही वाचायला मिळते आणि पुष्कळ अभ्यासक काव्य म्हणून त्यालाच वरचे स्थान देतात.

या चर्चेला एक कुंपण मात्र होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे पंथाबाहेरील वाचकाला ते कित्येक शतके वाचता आले नाहीत. वाचकच मर्यादित असल्यावर मतेही घरातल्या घरात राहिली. विसाव्या शतकात सकळ लिपीचा उलगडा झाला, ग्रंथ छापले गेले आणि मग त्यांच्याविषयी खुली चर्चा सुरू झाली. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूर हेच स्थान निवडले आहे.

पोथी लावणे

छापखाना येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही दीर्घकाळ, खेड्यातील बहुतेकांचा ग्रंथाशी संबंध कानावाटे आला. चातुर्मासात, विशेषतः श्रावणात, देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर 'पोथी लावीत'. श्रीधरस्वामींचे 'हरिविजय', 'रामविजय' व 'पांडवप्रताप', महिपतींचा 'भक्तिविजय', मालुकवींचा 'नवनाथ भक्तिसार' हे यांतील नेहमीचे ग्रंथ. एकजण ओव्या वाचतो, दुसरा जाणता गृहस्थ थांबून थांबून त्यांचा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. अध्याय संपला की त्या दिवसाचे वाचन संपते. उरलेली कथा दुसऱ्या दिवसावर जाते.

वाचनचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हा मधला अवकाश. ग्रंथ अजून संपलेला नसतो, आणि तरी श्रोते त्यावर बोलत असतात. कर्णाने कवचकुंडले द्यावयास हवी होती काय, धर्मराजाने द्यूताला होकार का दिला, यांवर घरी परतताना वाद होतात. निरक्षर श्रोताही त्यात पूर्ण हक्काने भाग घेतो. अक्षरओळख ही ग्रंथावर मत बाळगण्याची अट नाही, हे या प्रथेने दाखवून दिले. वाचणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा प्रश्न अधिक मार्मिक असल्याचा अनुभव अर्थ सांगणारे नेहमीच घेत आले आहेत.

पोथी आणि पारायण यांत मात्र फरक करावा लागतो. पारायणात ठरावीक दिवसांत ठरावीक अध्याय पुरे करण्याचा नेम असतो. त्यात व्यत्यय येऊ द्यावयाचा नसतो व शंका विचारण्यास वाव नसतो. ते वाचन उपासनेचे आहे, चर्चेचे नव्हे. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीता' या ४१ अध्यायांच्या ग्रंथाचे (१९५५) वाचन या दोहोंच्या मधले म्हणता येईल. ग्रंथाचा विषयच गावाची स्वच्छता, शिक्षण, श्रम व एकी हा असल्याने त्यातील ओवीवरून बोलणे सहज गावच्या कारभारावर येते.

बाळापूर व परिसर

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे तालुक्याचे ठिकाण मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसले आहे. संगमावरील किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंह यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री यांसाठी ते प्रसिद्ध आहे. मोगल काळात भरभराटीला आलेल्या या गावाला एकोणिसाव्या शतकात आलेल्या लोहमार्गाने बगल दिली. लोहमार्ग जवळच्या पारसवरून गेला, आणि व्यापार व शिक्षण यांची केंद्रे अकोला व खामगाव येथे सरकली.

बाळापूरच्या वाचनसंस्कृतीत मराठी आणि उर्दू हे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. नक्शबंदी सूफी परंपरेची खानकाह येथे आहे. उर्दू काव्याच्या परंपरेत श्रोत्याचा अभिप्राय कवितावाचनाचाच भाग असतो. मुशायऱ्यात शेर आवडला की लगेच दाद मिळते, 'मुकर्रर' म्हणून तो पुन्हा म्हणावयास लावतात, आणि न आवडलेल्या शेराचे भवितव्य शांततेवरूनच कळते. कीर्तन वा पोथी ऐकणारा मराठी श्रोता दाद देतो ती मान डोलावून. मत तो मागाहून सांगतो.

मराठी बाजूला दासगणू महाराजांच्या 'श्रीगजानन विजय' या २१ अध्यायांच्या ग्रंथाचा (१९३९) उल्लेख आवश्यक आहे. शेगाव येथून जवळ आहे आणि ग्रंथाच्या नवव्या अध्यायात बाळापूरचे प्रसंग आहेत. समर्थभक्त बाळकृष्णबुवा व त्यांची पत्नी पुतळाबाई यांची सज्जनगडाची पायी वारी आणि दासनवमीला बाळापुरात घडलेला प्रसंग तेथे वर्णिला आहे. सुखलाल यांच्या द्वाड गाईची कथा दहाव्या अध्यायात येते. ग्रंथातील गाव हे ऐकणाऱ्याचेच गाव असले की वाचनाला वेगळी धार येते. ते घर कोठे होते, ती वाट कोणती, असे प्रश्न केवळ तेथील श्रोत्यालाच पडू शकतात. अन्यत्रच्या वाचकाला जो केवळ चरित्रभाग आहे तो येथे स्थळाची ओळखही होतो.

हीच गोष्ट वऱ्हाडी बोलीतील कादंबऱ्यांबाबत दिसते. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही कौतिक या स्त्रीच्या हालअपेष्टांची कादंबरी. तिच्यातील संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकाने ती बोलीच्या नवलाईने वाचली असेल, पण वऱ्हाडातील वाचकाला त्या भाषेचे नवल नव्हते. त्याचे लक्ष कौतिकच्या संसाराकडे आणि एखादा शब्द आपल्याकडे असाच बोलतात काय याकडे गेले तर ते स्वाभाविकच होते. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या 'पूर्णामायची लेकरं' या कादंबरीबद्दलही हेच म्हणता येते. बोलीतील पुस्तकाचा खरा कस त्या बोलीच्या वाचकाकडेच लागतो.

ताराबाई शिंदे

वाचलेल्या पुस्तकांवर जाहीरपणे मत मांडण्याची किंमत काय असू शकते, हे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या उदाहरणावरून कळते. बुलढाणा हे त्या काळी इंग्रजांच्या ताब्यातील वऱ्हाडाचा भाग होते. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे तेथे सरकारी कचेरीत नोकरीस होते व सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. ताराबाईंना घरीच वाचनाची संधी मिळाली.

१८८१ साली सुरतेतील विजयालक्ष्मी या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला. त्यावरून 'पुणे वैभव' पत्रात समस्त स्त्रीजातीवर दोषारोप करणारे लेखन आले. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुष तुलना' हे पन्नासेक पानांचे पुस्तक लिहिले. ते १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्याच्या ५०० प्रती काढल्या होत्या व किंमत नऊ आणे होती.

स्त्रीमुक्तीच्या विचाराचे आद्य पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ते एका वाचक स्त्रीचे पुस्तक आहे, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ताराबाई केवळ वर्तमानपत्रातील लेखाला उत्तर देऊन थांबत नाहीत. 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारख्या तत्कालीन कादंबऱ्या आणि 'मनोरमा' हे नाटक यांतील स्त्रीचित्रणाचाही त्या समाचार घेतात. त्या काळी या कादंबऱ्या मनोरंजनासाठी आवडीने वाचल्या जात. त्यांतील नायिका, त्यांचे वागणे आणि लेखकाने त्यांच्या माथी मारलेले गुणदोष प्रत्यक्ष बायकांच्या आयुष्याशी ताडून पाहण्याचे काम एका वाचक स्त्रीने केले. कथा कशी रंगली आहे हा तिचा प्रश्न नव्हता. ही बाई अशी का रंगविली, हा तिचा प्रश्न होता. मराठी समीक्षेच्या इतिहासात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'ला मोठे स्थान आहे. तिच्या समाप्तीनंतर अवघ्या वर्षभरात आलेल्या या वाचकमताचीही त्या इतिहासात नोंद व्हावयास हवी.

पुस्तकाचे स्वागत उपहासाने झाले. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या १८८५ मधील दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली व त्यांच्या टीकाकारांना खडसावले. पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले नाही. पुढे हे लेखन जवळजवळ विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणल्यावर त्याची चर्चा सुरू झाली. लेखिकेला वाचकांशी जो संवाद हवा होता तो नव्वदहून अधिक वर्षांनी घडला.

घरातल्या घरात वाचणाऱ्या स्त्रियांनाही त्या काळी थोडे सोसावे लागले नाही. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात, आपण वाचतो म्हणून घरातील इतर स्त्रियांकडून झालेल्या कुचेष्टेचे वर्णन आहे. मत मांडणे ही पुढची पायरी; नुसते पुस्तक हाती दिसणे हाच तेव्हा चर्चेचा विषय होता.

क्रमशः कादंबरी

छापील साहित्यात पोथीसारखा 'मधला अवकाश' पुन्हा निर्माण केला तो नियतकालिकांतील क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांनी. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाली. यमूचे पुढे काय होणार हे लेखकाखेरीज कोणालाच ठाऊक नसताना वाचक तिच्याविषयी बोलू शकत होते. सर्वजण एकाच पानावर थांबलेले असल्याने कथानक आधी कळून विरस होण्याचा प्रश्नच नव्हता. अंक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात असे, आणि शिकलेल्याने मोठ्याने वाचावे व घरच्यांनी ऐकावे ही रीतही चालू होती. याच आपट्यांनी १९१२ साली अकोला येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

ग्रंथालयांतील चर्चा

अव्वल इंग्रजी काळात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालये निघू लागली. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे आहे. अकोल्यातील बाबूजी देशमुख वाचनालयाची स्थापना १८६० ची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होऊन त्यांना अनुदान मिळू लागले. तालुक्याच्या गावांतील व खेड्यांतील अनेक ग्रंथालये या अनुदानावर चालतात.

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात शांतता पाळावयाची असते. बोलणे होते ते देवघेवीच्या टेबलाशी. पुस्तक परत करणारा आणि नेणारा तेथे समोरासमोर येतात. परत आलेले पुस्तक फडताळात जाण्यापूर्वीच दुसऱ्याने उचलले, तर त्यामागे बहुधा परत करणाऱ्याची एखाद्या वाक्याची शिफारस असते. अनुभवी ग्रंथपाल ही शिफारस लक्षात ठेवतो आणि पुढच्या खरेदीत तिचा उपयोग करतो. मागणीची वही हे तिचे लेखी रूप होय.

एक बेकायदा प्रकारही येथे सांगावयास हवा. ग्रंथालयीन पुस्तकांच्या समासांत पेन्सिलीने लिहिलेले शेरे जवळपास प्रत्येक जुन्या ग्रंथालयात आढळतात. 'छान', 'खोटे', 'हे आधीच कळले होते' अशा धर्तीच्या शेऱ्यांखाली दुसऱ्या हस्ताक्षरात उत्तरेही दिसतात. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा वाचक तर सर्वांच्या शिव्याशापांचा धनी होतो. ग्रंथालयाच्या नियमांप्रमाणे हे पुस्तकाचे विद्रूपीकरणच आहे आणि त्याचे समर्थन करता येत नाही. तथापि पान वाचताना त्या क्षणी काय वाटले याचा इतका ताजा पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण.

नियतकालिके व वाचक चळवळी

१८६७ साली सुरू झालेल्या 'विविधज्ञानविस्तारा'पासून मराठी नियतकालिकांत ग्रंथपरीक्षणाला स्थान मिळत गेले, पण तेथे बोलणारा बहुतांशी विद्वान असे. विदर्भात या दृष्टीने १९२३ साली अमरावती येथे स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचे व त्याच्या 'युगवाणी' या नियतकालिकाचे कार्य महत्त्वाचे आहे. सामान्य वाचकाला विचारण्याची प्रथा पाडण्यात १९६४ साली निघालेल्या 'ललित' मासिकाचा वाटा मोठा आहे. 'चोखंदळ वाचकांची निवड' या त्याच्या उपक्रमामुळे वाचकांची पसंती छापील रूपात समोर आली.

१९७० च्या दशकात सुरू झालेली 'ग्रंथाली' ही स्वतःला वाचक चळवळ म्हणविणारी संस्था एक पाऊल पुढे गेली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही तिची पुस्तके. ग्रंथयात्रांच्या निमित्ताने पुस्तके गावोगावी नेऊन लेखक व वाचक यांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न तिने केला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा ग्रंथपेट्यांचा उपक्रम आणि सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ पासूनचे 'पुस्तकांचे गाव' ही अलीकडची उदाहरणे.

शाळांमधून

माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचावयास देतात व वाचलेल्यावर बोलावयास वा लिहावयास सांगतात. उपक्रम चांगला असला तरी त्यात एक अडचण हमखास येते. 'पुस्तक आवडले का?' या प्रश्नाला मुले 'हो' म्हणतात, कारण तेच अपेक्षित उत्तर आहे असे त्यांना वाटते, आणि लेखी अभिप्रायात मलपृष्ठावरील मजकूर उतरून काढतात. 'कोठपर्यंत वाचले?', 'कोठे कंटाळा आला?', 'पुढे काय होईल असे वाटते?' अशा प्रश्नांना उतरून काढलेले उत्तर देता येत नाही. त्यासाठी पुस्तक उघडावेच लागते, आणि कंटाळा आल्याचे सांगण्याची मुभा असली की मुले मोकळेपणाने बोलू लागतात.

अर्धवट वाचनावरील मत

पुस्तक संपण्याआधी त्यावर मत द्यावे काय, याविषयी वाचकांत दोन पक्ष आहेत. लेखकाने रचलेला शेवट पाहिल्याशिवाय न्याय करणे अनुचित होय, असे एक पक्ष म्हणतो. आत्मचरित्रे व वैचारिक ग्रंथ यांच्या बाबतीत हे म्हणणे विशेष लागू पडते, कारण त्यांतील पूर्वपक्ष हेच लेखकाचे मत समजले जाण्याचा धोका असतो. दुसरा पक्ष असे म्हणतो, की शेवट कळल्यावर आधीचे सर्व त्याच्या प्रकाशात दिसू लागते व वाचताना झालेली घालमेल विसरली जाते, म्हणून मधले मतही मोलाचे आहे. पोथी ऐकणारा श्रोता आणि 'करमणूक'चा वाचक हे दोघेही या दुसऱ्या पक्षाचे होत.

दोन्ही पक्षांचे एका बाबतीत एकमत आहे. मत देताना आपण किती वाचले आहे हे सांगितले पाहिजे. पुस्तक मुळीच न वाचता ऐकीव माहितीवर दिलेले मत या चर्चेत मोडत नाही. ते दुसऱ्याच्या मताची केवळ आवृत्ती असते, आणि मूळ मत देणाऱ्यानेही ते पुस्तक वाचलेले नसण्याचा संभव असतो.